सेमाडोहच्या सागाला वाळवी लागलीये, मग झाड मरत का नाही?

परतवाड्याहून घाट चढून सेमाडोहकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाचं जंगल लागतं. पावसाळा सरून थंडीची चाहूल लागण्याच्या दिवसांत इथली खोडं नीट बघितली, तर बऱ्याच झाडांवर एक गोष्ट दिसते. बुंध्यापासून माणसाच्या उंचीपर्यंत, कधी त्याहून वर, कुणीतरी खोड मातीनं लिंपून काढल्यासारखा लेप असतो. बोटानं जरासं खरवडलं की आत पांढुरके किडे सैरावैरा पळतात.

वाळवी. वऱ्हाडात हिलाच उधई किंवा उदई म्हणतात.

पर्यटक फोटो काढतात, 'मेळघाटच्या सागाला कीड लागली, जंगल संपणार' असं लिहून टाकून देतात आणि खाली काळजीच्या कमेंट येत राहतात. काळजी खरी असते, फक्त निदान चुकलेलं असतं. कारण दोन-तीन पावसाळे गेल्यावर त्याच रस्त्यानं पुन्हा गेलात, तर तो साग तिथेच उभा असतो आणि दर पावसाळ्यात त्याला नवी पानं फुटलेली असतात.

घराच्या दाराची चौकट वर्षभरात पोकळ करणारी वाळवी उभ्या सागाला का संपवत नाही? या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की आपण थेट मातीपर्यंत पोहोचतो. आणि तिथून शेतापर्यंत, अस्वलापर्यंत, अगदी मलेशियातल्या पाम तेलाच्या मळ्यांपर्यंत.

लेपाखाली नेमकं काय चालतं?

सागाची बाहेरची साल ही मेलेली साल असते. झाड वाढतं तशी ती कोरडी होत जाते, तडकते आणि गळते. झाडाचा जिवंत भाग त्या सालीच्या आत असतो. सातपुड्यासारख्या पानगळीच्या जंगलात सागावर लेप चढवणारी वाळवी ही बहुतेक वेळा 'ओडोन्टोटर्मिस' या गटातली असते आणि तिला हवी असते ती हीच वरची मेलेली साल. आतल्या जिवंत भागाला ती सहसा हात लावत नाही.

मग मातीचा लेप कशाला? कारण वाळवीची कातडी अतिशय पातळ असते. उघड्यावर आली की ती वाळून मरते, शिवाय मुंग्या टपून असतातच. म्हणून ती आधी छप्पर बांधते आणि मग त्या छपराखाली बसून जेवते. हे छप्पर बांधणाऱ्या कामकरी वाळव्या आंधळ्या असतात, तरी मातीचा एकेक कण तोंडात धरून, लाळेत मळून त्या तो बरोबर जागेवर नेऊन बसवतात. जोराचा पाऊस आला की लेप धुऊन जातो आणि पाऊस उघडला की काम पुन्हा सुरू.

सागाकडे स्वतःचं संरक्षणही आहे. त्याच्या गाभ्याच्या लाकडात 'टेक्टोक्विनोन'सारखी रसायनं असतात आणि वाळवीला ती मानवत नाहीत. जुन्या वाड्यांतले सागवानी खांब पिढ्यान् पिढ्या टिकले ते यामुळेच. पण सालीलगतचं पांढुरकं लाकूड तितकं सुरक्षित नसतं, हे नवीन फर्निचर घेताना सुताराला जरूर विचारा.

म्हणजे सागाला वाळवीपासून धोकाच नाही का? आहे. नुकतं लावलेलं रोप, कुऱ्हाडीनं जखमी झालेलं खोड, वणव्यात होरपळलेला बुंधा, या ठिकाणी वाळवी आत शिरू शकते. पण तिथे दुखणं आधी आलेलं असतं, वाळवी नंतर येते.

'वाळवी' हा एक किडा नाही

२०२३ मध्ये परेश मोकाशींचा 'वाळवी' नावाचा सिनेमा आला, गाजला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्या नावातच सगळं आलं, आतून पोखरणारी गोष्ट म्हणजे वाळवी. आपल्या भाषेत या किड्याची हीच एक ओळख आहे.

प्रत्यक्षात जगात वाळवीच्या सुमारे ३,००० जाती आहेत. भारतात त्यातल्या ३०० च्या आसपास सापडतात आणि पिकांचं किंवा लाकडाचं नुकसान करणाऱ्या जाती त्यातल्या काही डझनच. बाकीच्यांना तुमच्या कपाटाशी काही देणंघेणं नाही.

अजून एक गैरसमज. वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हणतात, पण मुंगीशी तिचं नातं नाही. वाळवी झुरळांच्या कुळातली आहे. २००७ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी जनुकांचा अभ्यास करून हे नातं पक्कं केलं आणि मग वाळवीचा स्वतंत्र गण मोडून तिला झुरळांच्या गणात बसवण्यात आलं. लाकूड खाणारी, कुटुंब करून राहणारी झुरळं आजही जगात आहेत, वाळवी त्यांचीच चुलत बहीण.

एवढ्या जाती एकाच जंगलात कशा मावतात? तर प्रत्येकीचं ताट वेगळं आहे. कुणी फक्त कोरड्या लाकडात राहते आणि तेच खाते, जमिनीशी तिचा संबंधच येत नाही. कुणी ओलं, कुजकं लाकूड खाते. कुणी पालापाचोळा, शेण आणि साल गोळा करते. 'ट्रायनर्व्हिटर्मिस' गटातली वाळवी गवताच्या काड्या तोडून साठवते. तिच्या सैनिकांचं डोकं पिचकारीसारखं असतं, शत्रू आला की ते चिकट द्रव फवारतात. आणि काही वाळव्या चक्क माती खातात. मातीत मिसळलेला सेंद्रिय अंश पचवायचा आणि उरलेली माती बाहेर टाकायची, एवढंच त्यांचं आयुष्य. पावसाळी जंगलांत अशा माती खाणाऱ्या जाती भरपूर असतात. मेळघाटासारख्या कोरड्या पानगळीच्या जंगलात जोर असतो तो लाकूड आणि पालापाचोळा खाणाऱ्यांचा.

कुठे कोण राहणार हे माती ठरवते

सेमाडोह सिपना नदीच्या काठावर आहे. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, देशातल्या पहिल्या ९ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. इथे बातम्या होतात त्या वाघांच्या. पण या जंगलाची गोष्ट वाघाच्या पंजाखालच्या जमिनीतून सुरू होते.

हा सगळा डोंगर लाव्हारसातून बनलेल्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. खडक एकच, पण त्याची माती सगळीकडे एकसारखी झाली नाही. उतारावर पाऊस बारीक कण वाहून नेतो, मागे उरते उथळ, तांबूस, मुरमाड जमीन. वाहून गेलेले कण खाली सपाटीवर साचतात, तिथे माती खोल आणि काळी होते. नदीकाठी गाळ. म्हणजे सेमाडोहच्या आसपास टेकडीच्या माथ्यापासून सिपनेच्या पात्रापर्यंत नुसतं चालत उतरलं, तरी पायाखालची माती तीनदा बदलते.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवायची गरज नाही. काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी जमिनीची नावं इथे पूर्वीपासून आहेत. ही प्रतवारी पिकासाठी केलेली आहे, पण वाळवीसुद्धा साधारण याच फरकावर आपलं घर निवडते.

वारूळ म्हणजे बांधकाम. त्याला तीन गोष्टी लागतात, भार पेलायला रवाळ कण, ते धरून ठेवायला चिकणमाती आणि कालवायला पाणी. नुसत्या वाळूचं वारूळ उभं राहत नाही. आणि नुसत्या चिकणमातीचं?

इथे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं, म्हणजे आयआयएससीचं काम बघण्यासारखं आहे. जीवशास्त्रज्ञ रेनी बोर्जेस आणि स्थापत्य अभियांत्रिकीतले तेजस मूर्ती यांच्या गटानं 'ओडोन्टोटर्मिस ओबेसस' ही आपल्याकडे सर्रास दिसणारी, उंच वारुळं बांधणारी वाळवी घेतली आणि तिला बांधकामासाठी वेगवेगळं साहित्य देऊन पाहिलं. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिसलं असं की वाळवी ओल्या मातीचे गोल गोळे बनवते, चक्क विटा म्हणा ना. गोळे दोन मापांचे असतात, मोठ्या गोळ्यांच्या फटीत छोटे गोळे बसतात आणि भिंत भरीव होते. रवाळ, खरखरीत, थोडा सेंद्रिय अंश असलेलं साहित्य तिला हाताळायला सोपं जातं. संशोधकांचं म्हणणं असं की जगात वाळवी कुठे आहे आणि कुठे नाही, याचा अंदाज मातीच्या या गुणांवरून आणि ओलाव्यावरून बांधता येऊ शकतो. याच गटाच्या आधीच्या कामात वारुळाची माती साध्या मातीपेक्षा कितीतरी पट मजबूत निघाली होती. वाळवीची लाळ आणि स्राव तिथे सिमेंटचं काम करतात.

आता मेळघाटच्या डोंगरावरून खाली उतरू. दक्षिणेला गाविलगडची रांग एकदम संपते आणि पूर्णेचं खोरं सुरू होतं. अमरावती, अकोला, बुलढाणा. खोल काळी माती, मधोमध खारपाणपट्टा, कापूस, तूर, हरभरा.

ही काळी माती वाळवीच्या दृष्टीनं अवघड जागा आहे. तिच्यात फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे जमीन दरवर्षी स्वतःलाच ढवळून काढते. अशा हलत्या जमिनीत बोगदे आणि खोल्या टिकवायच्या कशा? के. ई. ली आणि टी. जी. वूड यांचं 'टर्माइट्स अँड सॉइल्स' हे १९७१ मधलं पुस्तक या विषयातलं पायाभूत मानलं जातं. खोल भेगाळणाऱ्या काळ्या मातीत मोठी वारुळं का कमी असतात, याची चर्चा या विषयाच्या अभ्यासात तेव्हापासून होत आली आहे. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलात भारतीय आणि फ्रेंच संशोधकांनी तांबड्या आणि काळ्या अशा दोन्ही मातींतली वारुळं शेजारी शेजारी ठेवून अभ्यासली, ती याच कोड्यापायी.

पण याचा अर्थ काळ्या मातीत वाळवी नसते असा नाही. कपाशीचं किंवा गव्हाचं झाड अचानक सुकतं, उपटलं तर मूळ कुरतडलेलं आणि भोवती माती भरलेली असते, हे वऱ्हाडात नवीन नाही. तिथे बहुतेक वेळा काम असतं 'मायक्रोटर्मिस'सारख्या छोट्या वाळवीचं. ती वारूळच बांधत नाही. जमिनीखाली लहान लहान खोल्या, एकमेकींपासून लांब विखुरलेल्या. दहा खोल्या भेगेत गेल्या तरी बाकीच्या शाबूत. वर काहीच दिसत नाही, म्हणून शेतकरी म्हणतो वावरात वारूळ नाही, म्हणजे उदई नाही. इथेच फसगत होते.

आयत्या बिळावर नागोबा, पण बीळ कुणाचं?

नागपंचमीला आपण वारुळाची पूजा करतो. नाग वारूळ बांधत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हण तर त्याच्यावरच आहे. पण ज्यानं बांधलं त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही.

आत जे चालतं ते शेतीच आहे. ओडोन्टोटर्मिस आणि तिच्या नातलगांना लाकूड स्वतः नीट पचवता येत नाही. म्हणून त्या चघळलेला पाला-लाकूड वारुळात आणून त्याचे स्पंजासारखे थर रचतात आणि त्यावर 'टर्मिटोमायसिस' नावाची बुरशी वाढवतात. बुरशी लाकडाचं विघटन करते आणि वाळवी ते तयार अन्न खाते. ही भागीदारी साधारण ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली असं मानलं जातं. माणसानं शेती सुरू केली त्याला १०-१२ हजार वर्षं झाली, त्यामुळे इथे आपण बरेच मागे आहोत.

या बुरशीला ठरावीक ऊब आणि भरपूर ओलावा लागतो. बाहेर वऱ्हाडातला मे महिना असो, आत खोली दमट आणि स्थिर हवी. लाखो जीव आणि बुरशी सगळे श्वास घेतात, म्हणजे आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायला हवा. हे कसं होतं, याचं मोजमाप हार्वर्डचे एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी बेंगळुरूतल्याच वारुळांवर केलं आणि २०१५ मध्ये ते छापून आलं. दिवसा वारुळाच्या बाहेरच्या कडा तापतात, तिथली हवा वर चढते आणि मधल्या भागातून खाली येते. रात्री बाहेरचा भाग थंड झाला की प्रवाह उलटतो. पंखा नाही, वीज नाही, दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकावर सगळं चालतं.

पावसाळ्यात हीच बुरशी कधी कधी वारुळातून डोकं वर काढते आणि त्याच्या छत्र्या होतात. पूर्व विदर्भात 'सात्या' म्हणून जी रानभाजी श्रावणाच्या आसपास मटणाच्या भावाशी स्पर्धा करते, ती हीच. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि तिथल्या 'रोयणीच्या अळम्यां'साठीही अशीच झुंबड उडते. ही भाजी शेतात लावता येत नाही, कारण तिला वाढवायचं तंत्र फक्त वाळवीकडे आहे. (रानातली कोणतीही छत्री ओळखल्याशिवाय खाऊ नका, हे वेगळं सांगायला नको.)

सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त जमिनीखालचं पाणी शोधण्यावर एक आख्खा अध्याय लिहिला, 'दकार्गल' नावाचा. अमुक झाडाजवळ वारूळ असेल तर अमुक दिशेला, इतक्या खोलीवर पाणी, असे आडाखे त्यात आहेत. वाळवीला ओलावा लागतो आणि तो आणायला ती खोल जाते, हे निरीक्षण बरोबरच आहे. फक्त त्या भरवशावर आज बोअर मारू नका. बेसाल्टमध्ये पाणी भेगांत असतं आणि भेगा वारुळाला विचारून पडत नाहीत.

पाम तेलाचे मळे मध्येच कुठून आले?

वाळवी आणि माती यांचं नातं बिघडलं की काय होतं, याचा सर्वात मोठा प्रयोग आग्नेय आशियात झाला आहे, कुणी ठरवून न करताही. मलेशिया आणि इंडोनेशियात पावसाळी जंगल तोडून मैलोन् मैल पाम लावण्यात आला. बोर्निओ बेटावर जुनं जंगल, तोड झालेलं जंगल आणि पामचा मळा अशी तुलना अनेकदा झाली आणि चित्र साधारण एकच निघालं. मळ्यात वाळवीच्या जाती घटतात. सर्वात आधी जातात त्या माती खाणाऱ्या, कारण त्यांना सावली आणि थंड, ओली जमीन लागते. उरतात त्या लाकूड खाणाऱ्या, चिवट जाती.

आणि मग मातीचा प्रकार मध्ये येतो. साध्या खनिज मातीवरच्या मळ्यात वाळवीचा त्रास मर्यादित असतो. पण जिथे दलदलीची, कुजलेल्या लाकडानं भरलेली पीटची जमीन निचरा करून लागवडीखाली आणली, तिथे 'कॉप्टोटर्मिस कर्व्हिग्नॅथस' ही जात डोईजड झाली. ती मेलेल्या लाकडावर थांबत नाही, उभं जिवंत पामचं झाड मारते. जमिनीत गाडलेले जुने ओंडके तिचं घर, आणि वरचं एकच पीक तिचं ताट.

हे भारतासाठी महत्त्वाचं आहे, कारण केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचं पाम तेल मिशन मंजूर केलं. पाम लागवड १० लाख हेक्टरवर नेण्याचं लक्ष्य त्यात होतं आणि विशेष भर होता ईशान्य भारत आणि अंदमानवर. मेळघाटात पाम नाही. पण एकच झाड, एकच पीक हा प्रकार वऱ्हाडाला अनोळखी नाही. इथे तो साग, कापूस आणि संत्र्याच्या रूपात आहे. जंगलात साग, धावडा, तेंदू, बांबू, मोह असं सगळं एकत्र असतं तेव्हा वाळवीला निवड असते. निवड संपली की जे उरलंय तेच ती खाणार.

अस्वलाचं ताट

मेळघाटात अस्वलं आहेत आणि अस्वलाच्या हल्ल्याच्या बातम्याही इथून येत असतात. आपल्याकडचं अस्वल मध खातं, मोहफुलं खातं, फळं खातं, पण त्याचं शरीर घडलंय ते वाळवी आणि मुंग्या खायला. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात, तिथे मोकळी फट असते. वारूळ लांब नखांनी फोडायचं, नाकपुड्या मिटायच्या, ओठ नळीसारखे पुढे काढायचे आणि व्हॅक्यूम क्लीनरसारखं ओढायचं. हा आवाज शंभर मीटरपेक्षा लांबूनही ऐकू येतो.

सगळ्या अस्वलांत फक्त यानंच हा मार्ग पूर्णपणे धरला आहे. जंगलात वारुळं भरपूर असतील तर त्याला वर्षभर भरवशाचं अन्न मिळतं. फळं मोसमी असतात, वाळवी बारमाही. वाघासाठी हरणं किती आहेत हे मोजलं जातं, अस्वलाच्या ताटाची मोजदाद त्या मानानं कमीच होते. खवल्या मांजर, मुंगूस, घोरपड आणि असंख्य पक्षी हेही याच ताटावर बसलेले असतात.

मग शेतकऱ्यानं करायचं काय?

हा प्रश्न टाळून वाळवीचं कौतुक करणं सोपं आहे. कपाशीचं उभं झाड सुकलेल्या माणसाला ३ कोटी वर्षांची शेती सांगून उपयोग नाही. नुकसान खरं आहे. विशेषतः हलक्या जमिनीत आणि पावसानं ताण दिल्यावर ते वाढतं.

नेहमीचा उपाय म्हणजे कीटकनाशक ओतणं. यातून वाळवी मरते, पण सगळीच मरते. गांडुळं आणि मातीतले इतर जीवही त्यात येतात. सगळा भार एकाच रसायनावर टाकण्याआधी काही साधी कामं आहेत. कच्चं शेणखत वावरात न टाकता पूर्ण कुजवून टाकणं, हे पहिलं. कच्च्या शेणातला न कुजलेला काडीकचरा म्हणजे वाळवीला जेवणाचं आमंत्रण. संत्र्याच्या बुंध्याला पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट लावण्याची पद्धत वऱ्हाडात आहेच. 'मेटारायझियम' नावाची, किडीला रोग लावणारी बुरशीही मिळते.

खरा वाद आहे तो पऱ्हाटीवरून. कापूस निघाल्यावर पऱ्हाटी उपटून जाळली जाते आणि वावर स्वच्छ केलं जातं. धसकटं ठेवली तर वाळवी वाढेल, हे त्यामागचं एक कारण. यात तथ्य आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या वावरात एकही वाळलेली काडी उरलेली नाही, तिथे जमिनीखालच्या वाळवीला खायला फक्त तुमचं उभं पीक उरतं. आफ्रिकेतल्या कोरडवाहू भागात शेतकरी पिकाच्या ओळींमध्ये वाळलेला पाला ठेवतात, वाळवी तिकडे वळते आणि पीक वाचतं. वऱ्हाडाच्या काळ्या मातीत हे जसंच्या तसं चालेल असं समजू नये, पण सरसकट जाळणं हाच एकमेव शहाणपणा आहे असंही नाही. जाळण्यात जमिनीचा सेंद्रिय कर्ब जातो तो वेगळाच.

बुर्किना फासोतले शेतकरी याकुबा सावादोगो यांनी तर वाळवीला मुद्दाम बोलावलं. दगडासारख्या कडक झालेल्या पडीक जमिनीत त्यांनी खड्डे खणले, त्यात शेण आणि पाला टाकला. वाळवी आली, तिनं जमीन पोखरली आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या बोगद्यांतून आत मुरलं. तिथे धान्य आलं, पुढे आख्खं जंगल उभं राहिलं. २०१८ मध्ये त्यांना 'राइट लाइव्हलीहुड' पुरस्कार मिळाला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या गव्हाच्या शेतांतही असाच धडा मिळाला होता. काही वाफ्यांत मुंग्या आणि वाळवी ठेवल्या, काहींत कीटकनाशकानं काढून टाकल्या. २०११ मध्ये आलेल्या या अभ्यासात कीटक ठेवलेल्या वाफ्यांत गव्हाचं उत्पादन ३६ टक्के जास्त होतं. कारण तेच, पाणी आत मुरलं आणि नत्र वाढलं.

मेळघाटच्या उतारांवर हे काम वाळवी फुकट करते. सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्या याच डोंगरांत उगम पावतात आणि तापीला मिळतात. पावसाचं पाणी मुरमावरून नुसतं धावत गेलं तर नदी दोन दिवस फुगते आणि मग आटते. ते जमिनीत शिरलं तर पुढे महिनोन् महिने झिरपत राहतं. पाणी आत शिरण्याच्या वाटांमध्ये झाडांची मुळं, गांडुळं, मुंग्या आणि वाळवीचे बोगदे असतात.

यात एक नवीन आकडा आलाय तो काळजीचा आहे. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक जागतिक अभ्यास आला, सहा खंडांतल्या शंभराहून जास्त ठिकाणी लाकडाचे तुकडे ठेवून केलेला. तापमान १० अंशांनी जास्त असेल तिथे वाळवीचा लाकूड फस्त करण्याचा वेग जवळपास सातपट निघाला. हवामान तापत जाईल तशी वाळवी नव्या भागांत पसरेल आणि लाकडात साठलेला कार्बन लवकर बाहेर पडेल, असा त्याचा अर्थ. म्हणजे पुढच्या काळात वाळवीशी आपली गाठ जास्त पडणार आहे, कमी नाही.

सेमाडोहला दरवर्षी ही गोष्ट नव्यानं सुरू होते ती जूनमध्ये. पहिला चांगला पाऊस पडून गेलेली संध्याकाळ असते. जमिनीतून, वारुळांच्या भोकांतून पंखवाले किडे धुरासारखे बाहेर पडतात आणि दिव्यांभोवती गर्दी करतात. सकाळी ओसरीवर पंखांचा ढीग असतो. बेडूक, पाली, कोंबड्या, पक्षी सगळ्यांची त्या रात्री चंगळ. हजारांतले बहुतेक खाल्ले जातात. जी एखादी जोडी वाचते ती पंख झटकून टाकते आणि एकामागे एक चालत जागा शोधते. मुरमात शिरली तर कदाचित दहा वर्षांनी तिथे माणसाएवढं वारूळ असेल. काळ्या मातीत शिरली, तर मार्चमध्ये जमीन भेगाळेपर्यंत तिच्याकडे वेळ आहे.